गाडी गेली, बाकी राहिली: खासगीत विकलेल्या गाडीचे पैसे वसूल करताना

"आरसी बुक अजून माझ्याच नावावर आहे ना, मग जाणार कुठे तो?"

थोरले मामा दीड महिना हेच म्हणत होते. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी वॅगनआर विकायला काढली. सिडकोतल्या ओळखीतून सिन्नरचा एक जण आला आणि सौदा ३,४०,००० रुपयांना ठरला. दीड लाख त्याने बँकेतून पाठवले. उरलेले १,९०,००० 'कर्ज मंजूर झालं की महिन्याभरात देतो' असा वायदा केला. १० जूनला मामांनी चावी हातात दिली. नाव मात्र बदलून दिलं नाही, कारण नाव अडकवून ठेवलं की पैसे सुरक्षित, अशी त्यांची समजूत होती.

ही समजूत नाशिकमध्ये मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की ती कायदाच आहे असं वाटावं. तसा कायदा नाही. उलट अशा अवस्थेत विकणाऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडचं नुकसान येतं. मी वकील नाही, पण मामांच्या मागे सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात, पेठ रोडच्या आरटीओत आणि पोलीस ठाण्यात खेपा घालताना जे समजून घेतलं, ते इथे जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आरसीवरचं नाव आणि गाडीची मालकी

गाडीच्या विक्रीला दोन वेगवेगळे कायदे लागू होतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

पहिला १९३०चा मालविक्री कायदा. त्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे फ्रिज किंवा धान्याच्या पोत्यासारखी विकता येणारी वस्तू. मालकी कधी बदलते, तर ती बदलावी असं दोघांच्या मनात असतं तेव्हा. वेगळं काही ठरलं नसेल, तर पैसे नंतर मिळणार आहेत एवढ्यावरून मालकी विकणाऱ्याकडे राहत नाही. किंमत ठरली, गाडी दिली, त्याने नेली, म्हणजे सर्वसाधारणपणे गाडी त्याची झाली. गाडी ताब्यात असेपर्यंत पैशांसाठी ती अडवून ठेवायचा हक्क विकणाऱ्याला असतो, चावी दिली की तो संपतो. त्यानंतर हातात राहतो तो किमतीसाठी दावा करण्याचा हक्क. म्हणजे मामांचं आता गाडीवर काही नव्हतं, त्या माणसाकडे १,९०,००० रुपये मात्र होते.

दुसरा १९८८चा मोटार वाहन कायदा. हा ज्याच्या नावावर नोंदणी त्यालाच मालक धरतो. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ साली असंच प्रकरण आलं होतं. गाडी २००७मध्ये विकलेली, पुढे ती हातोहात फिरली आणि २००९मध्ये तिने अपघात केला. भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव राहिलं होतं त्या पहिल्या मालकावरच आली. विमा चालू असेल तर विमा कंपनी पुढे येते. पण पैसे न देणारा माणूस विम्याचा हप्ता वेळेवर भरेल, यावर कुणी विसंबावं?

एकत्र पाहिलं तर हाती काय उरतं? गाडी परत आणायची म्हटलं तर ती मामांची नाही, अपघाताची भरपाई द्यायची म्हटलं तर ती मामांची. ई-चलान मामांच्या मोबाईलवर येत होतं. फास्टॅगही बंद केलेला नव्हता, म्हणून तो माणूस सिन्नरहून नाशिकला आला की शिंदे टोलनाक्याचे पैसे मामांच्या खात्यातून कापले जायचे. (ते मेसेज आम्ही पुसले नाहीत. गाडी त्याच्या ताब्यात आहे याचा तारीख-वेळेसकट पुरावा होता तो. मग टॅग बंद केला.)

नाव अडकवण्याचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. नाव नसलेली गाडी पुढे विकायला अवघड जाते, तेवढा दबाव राहतो. पण तो दबाव आणि एका अपघाताची भरपाई यांची तुलनाच होत नाही. शिवाय राज्यातल्या राज्यात विक्री झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. फॉर्म २९ त्यासाठीच असतो.

मामांची खरी भीती वेगळी होती, टीटीओची, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करून देण्याच्या कागदांची. 'टीटीओवर सही केली की पैसे बुडाले.' तसं नाही. किमतीवरचा हक्क विक्रीच्या सौद्यातून येतो, आरसीवरच्या नावातून नाही. पैसे बुडवते ती वेगळीच चिठ्ठी. एजंट टीटीओच्या गठ्ठ्यात छापील डिलिव्हरी नोट किंवा पावती घालतो आणि तिच्यावर 'संपूर्ण रक्कम मिळाली' असं आधीच लिहिलेलं असतं. विकणारा चार कागदांवर सह्या करतो तशी पाचव्यावरही करून मोकळा होतो. पुढे कोर्टात समोरचा तोच कागद काढतो. तेव्हा प्रत्येक कागद वाचा. बाकी असेल तर 'पैकी इतके मिळाले, इतके येणे, अमुक तारखेपर्यंत' असं हाताने लिहा आणि खाली त्याची सही घ्या.

दुसऱ्या चावीचा विचार सोडून द्या

मामांच्या मुलाने एका रात्री सुचवलं होतं, "दुसरी चावी आहे आपल्याकडे. सिन्नरला जाऊन उचलून आणू." हे करू नका. चोरीच्या व्याख्येखाली कायद्यात फार जुनं उदाहरण दिलेलं आहे. एकाने आपलं घड्याळ गहाण ठेवलं आणि कर्ज न फेडताच ते गुपचूप काढून नेलं. घड्याळ त्याचं स्वतःचं असूनही ती चोरी ठरते. इथे तर गाडी विकलेली आहे. पैसे बुडवणारा फिर्यादी होईल आणि पैसे बुडालेला आरोपी. फायनान्स कंपन्या गाड्या ओढून नेतात ते पाहून वाटतं की आपल्यालाही चालेल. पण त्यांच्याकडे कर्जाचा करार असतो, आरसीवर त्यांच्या बोज्याची नोंद असते. आपल्याकडे यातलं काहीच नसतं.

आणि गाडी त्याने तिसऱ्याला विकली असेल, ज्याला या बाकीची कल्पनाच नव्हती, तर त्या तिसऱ्याच्या दारात जाऊन उपयोग नाही. त्याने ती रीतसर घेतली आहे. तुमचे पैसे पहिल्याच माणसाकडे आहेत.

कागद आणि घड्याळ

पैसे मागायचे तर आधी सौदा सिद्ध व्हायला हवा. लेखी करार नसला तरी सगळं संपत नाही, तोंडी विक्रीही विक्रीच असते. व्हॉट्सअॅपवर 'काका, पुढच्या सोमवारी उरलेले एक नव्वद नक्की' असा मेसेज असेल तर तो सोन्यासारखा आहे. फक्त स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका, मूळ फोन आणि मूळ चॅट जपा. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार असा डिजिटल पुरावा देताना सोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. फोन बदलून चॅट उडालं की मग हळहळण्यापलीकडे काही राहत नाही. बँकेचं स्टेटमेंट, जाहिरात, इसारपावती, सौद्याच्या वेळी हजर असलेला शेजारी, सगळं जमवा.

मुदत ३ वर्षांची आहे. पैसे द्यायची तारीख ठरली नसेल तर गाडी दिल्यापासून, ठरली असेल तर ती तारीख उलटल्यापासून. या ३ वर्षांच्या आत त्याने बाकी मान्य केल्याचं लेखी आणि सहीनिशी दिलं, तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षं मोजली जातात. 'देतो, देतो' असं तोंडी कितीही वेळा म्हटलं तरी मुदत वाढत नाही. नात्यातला किंवा गावातला माणूस असला की आपण भिडेखातर थांबतो, आणि बहुतेकांचे पैसे त्या भिडेतच जातात.

मामांनी जुलैच्या शेवटी वकिलामार्फत नोटीस पाठवली. पूर्वी आपण रजिस्टर एडी म्हणायचो, २०२५मध्ये टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टमध्ये सामावून घेतली. पोहोचल्याची नोंद मात्र जपून ठेवायची. नोटिशीत सौद्याची तारीख, किंमत, मिळालेली रक्कम, बाकी, मुदत आणि व्याजाची मागणी असावी. व्याज आधी ठरलेलं नसलं तरी लेखी मागणी केल्यावर कोर्टाला ते देता येतं.

नोटीस पोहोचली आणि तो माणूस १२ ऑगस्टला स्वतःच घरी आला. मामींनी चहा दिला, मामांनी कागद पुढे ठेवला. त्याने १,९०,००० बाकी असल्याचं लिहून सही केली आणि २० ऑगस्टचा चेक दिला. मी मामांना तेव्हाच सांगितलं की आता नाव करून द्या. सही केलेली कबुली आणि चेक हातात असताना आरसी धरून बसण्यात धोका तेवढा होता. मामांना ते पटायला दोन दिवस लागले. पेठ रोडला उशिराचं शुल्क भरून गाडी त्याच्या नावावर झाली.

चेक परत आला तर

२२ ऑगस्टला चेक परत आला, खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून.

इथून पुढे दिवस मोजत चालावं लागतं. १८८१च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ म्हणजे बोलीभाषेतली 'एकशे अडतीसची केस'. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत टाकायचा. परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. मामांना २१ सप्टेंबरपर्यंत वेळ होता, आम्ही १ सप्टेंबरला पाठवली. त्याला ती ४ सप्टेंबरला मिळाली. मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला त्याला मुभा, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत. तोवर दिले तर गुन्हाच नाही. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी सवलत नाही.

नोटिशीतला आकडा चेकवरच्याच रकमेचा हवा. टंकलेखनात आकडा चुकला तरी नोटीस बाद होते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये स्पष्ट केलं. आणखी एक फसगत मी डोळ्यांनी पाहिली आहे. चेक दिल्यानंतर तो माणूस मधेच ५०,००० पाठवतो आणि विकणारा पूर्ण रकमेचाच चेक बँकेत टाकतो. २०२२च्या एका निकालानुसार अशा वेळी मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करायला हवी, नाहीतर कलम १३८ लागत नाही. नवा चेक घेणं त्याहून सोपं.

'स्टॉप पेमेंट' केलं किंवा खातंच बंद केलं, म्हणून तो सुटत नाही. चेक कायदेशीर देण्यापोटीच दिला होता असं न्यायालय आधी धरून चालतं, तसं नव्हतं हे दाखवणं त्याच्यावर येतं. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला न्यायालय सांगू शकतं. तक्रार आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करायची असते, त्यामुळे सिन्नरला जावं लागत नाही.

चेक नसेल, किंवा असला तरी सोबत, दिवाणी दावा करता येतो. लेखी करार, लेखी कबुली किंवा चेक असेल आणि रक्कम निश्चित असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७खालची समरी सूट फार उपयोगाची. साध्या दाव्यात प्रतिवादी कैफियत देतो आणि तारखा पडत राहतात. इथे त्याला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावं लागतं आणि पुढे बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. बचावात दम नसेल तर निकाल लवकर लागतो. सौदा आणि ताबा नाशिकला झालेला असल्याने दावा नाशिकमध्ये करता येतो. कोर्ट फी रकमेवर ठरते, ती आधी विचारून घ्या. आणि ग्राहक आयोगाकडे जाऊ नका. तिथे वस्तू विकत घेणाऱ्याची तक्रार चालते, आपण विकणारे.

पोलीस 'हे दिवाणी आहे' का म्हणतात

आम्हीही गेलो होतो. अर्ज घेतला आणि सांगितलं की मामा, हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा. तेव्हा संताप आला होता. नंतर समजलं की ते चुकीचं बोलत नव्हते. फसवणूक, म्हणजे पूर्वीची ४२० आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, सिद्ध व्हायला सौदा करतानाच त्याच्या मनात पैसे न देण्याचा हेतू असावा लागतो. नंतर पैसे आले नाहीत, कर्ज मंजूर झालं नाही, नियत फिरली, याला कायदा उधारी म्हणतो. सर्वोच्च न्यायालयही उसनवारीच्या वादाला फौजदारी रंग देऊ नका असं वारंवार सांगत आलं आहे.

पण पत्ता आणि आधारची प्रतच खोटी निघाली, गाडी नेली त्याच संध्याकाळी पुढे विकली, किंवा पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून चावी घेतली, तर गोष्ट वेगळी. तिथे हेतू पहिल्या दिवसापासून दिसतो आणि ते अर्जात पहिल्याच ओळीत लिहायला हवं. पैशांची ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, आणि पोलीस ठाण्यातही जा. तिथे नोंद घेतली नाही तर आयुक्तांकडे लेखी अर्ज देता येतो, आणि त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

'उरलेले हप्ते मी भरतो'

याच प्रश्नाचं एक जास्त वाईट रूप आहे. गाडीवर कर्ज शिल्लक असतं, घेणारा थोडी रोख देतो आणि उरलेले हप्ते आपण भरू अशा बोलीवर गाडी नेतो. दोन हप्ते भरतो, मग थांबतो. बँकेला या बोलीशी काही देणंघेणं नसतं. तिचा कर्जदार तुम्हीच, फोन तुम्हालाच, सिबिल तुमचंच खराब. बँकेच्या संमतीशिवाय तारण गाडी दिली म्हणून कराराचा भंगही तुमच्याच माथी. अशा वेळी माझा सल्ला कटू आहे. आधी बँकेत जाऊन खरी परिस्थिती लेखी कळवा, शक्य असेल तर हप्ते स्वतः चालू ठेवा आणि भरलेली प्रत्येक रक्कम त्या माणसाकडून मागा. बँक गाडी उचलून लिलावात काढते तेव्हा किंमत पडते आणि उरलेलं कर्ज तुमच्याकडेच येतं.

मामांचं पुढे काय झालं

ऑक्टोबरमध्ये तक्रारही दाखल झाली आणि समरी सूटही. त्याच सुमारास त्या माणसाने वॅगनआर विकायची जाहिरात टाकलेली आमच्या पाहण्यात आली. नाव करून दिल्यावर हे होऊ शकतं, हा धोका होताच. पण गाडी त्याच्या नावावर असल्याने ती आता नोंदीवरूनच त्याची मालमत्ता होती. मामांच्या नावावर असती तर तिच्यावर जप्ती मागताना आधी ती त्याची आहे हे सिद्ध करत बसावं लागलं असतं. प्रतिवादी मालमत्ता विकून निकाल निष्फळ करू पाहतोय असं दाखवता आलं, तर आदेश ३८, नियम ५खाली निकालाआधीच जप्ती मागता येते. जाहिरातीची प्रत जोडून तसा अर्ज केला. न्यायालयाने त्याला विचारणा केली, तारण का देत नाहीस म्हणून.

पुढच्याच तारखेला त्याचा वकील तडजोडीचं बोलू लागला. प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही आणि दाव्याची कोर्ट फी परत मिळते. दावा दाखल होण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालत मागता येते, हे आम्हाला आधी माहीत असतं तर कदाचित ऑगस्टमध्येच तिकडे गेलो असतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे वकीलही मोफत मिळतो.

३८,००० रुपयांचे ५ हप्ते ठरले. मामांनी व्याज सोडलं, पण एक वाक्य सोडलं नाही: एक जरी हप्ता चुकला तरी उरलेली सगळी रक्कम एकदम, व्याजासह. सगळे पैसे बँकेतून. चौथ्या हप्त्याच्या वेळी 'रोख घेता का' म्हणून फोन आला होता, मामांनी नाही म्हटलं.

पाचवा हप्ता जमा झाला त्या दिवशी मामांनी पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती लिहिली, या वेळी स्वतःच्या अक्षरात. तिची एक प्रत, निवाड्याची प्रत आणि नव्या नावाच्या नोंदीचा कागद असं सगळं त्यांनी जुन्या आरसीच्या झेरॉक्सला पिन करून कपाटात ठेवलं आहे.